परीक्षा दिल्लीची, प्रश्न आमच्या घरचा

परवा चवथीला सगळी मंडळी डिचोलीच्या मूळ घरी जमली होती. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, पानं वाढली गेली आणि कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकलाच. माझ्या भाच्याकडे बघून, "कितें रे, जालें काय ना अजून?" बिचारा नेवरी हातात धरून नुसता हसला. थोड्या वेळाने उठला आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. गेली चार वर्षं तो यूपीएससी करतोय. 'करतोय' हा शब्दही मजेशीर. शेती करतोय, धंदा करतोय, तसं यूपीएससी करतोय!

मला त्या प्रश्नाचा राग आला, कारण तो मीही खाल्लेला आहे. २००१ आणि २००३ साली मी ही परीक्षा दिली. तेव्हा खुल्या गटाला वय ३० आणि प्रयत्न चार. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययन १५० मार्कांचं आणि वैकल्पिक विषय ३०० मार्कांचा. माझा विषय इतिहास. दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच गळलो. मग कारकुनाची जागा निघाली, लागलो, आणि आज वीस वर्षांहून अधिक काळ फायलींवर नोटिंग लिहितोय. असो.

भाच्याच्या निमित्ताने मात्र काही गोष्टी लिहाव्याशा वाटतात. आपल्या गोव्यातल्या मराठी घरांत या परीक्षेबद्दल बोललं भरपूर जातं, पण आकडे कुणी बघत नाही. २०२४ च्या परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले. प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार. मुख्य परीक्षेपर्यंत पोचले १४,६२७, मुलाखतीपर्यंत २,८४५ आणि शेवटी निवडले गेले १,००९. म्हणजे अर्ज करणाऱ्यांत हजारी एक. उरलेले नऊशे नव्व्याण्णव काय सगळे आळशी होते? पण चवथीच्या पंगतीत हा हिशेब कोण मांडणार!

दुसरी गोष्ट भाषेची. मुख्य परीक्षा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिता येते, मराठीतही आणि कोंकणीतही. २०१३ च्या मार्चमध्ये आयोगाने या सवलतीला अटी घातल्या होत्या. संसदेत गदारोळ झाला आणि त्या महिन्याभरातच मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा आपल्याकडेही लोकांनी समाधान व्यक्त केलं. पण खरं सांगा, त्या सवलतीचा गोव्यातल्या मराठी मुलाला उपयोग किती?

आपली मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत जातात. पाचवीत सगळं इंग्रजी होतं. इतिहास इंग्रजीत, भूगोल इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत. मराठी राहते ती एक विषय म्हणून, आणि भजनात, नाटकात, सकाळच्या पेपरात. लातूर-सोलापूरचा मुलगा बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकून येतो. त्याला 'राज्यघटनेची मूलभूत चौकट' यावर मराठीत दोन पानं लिहिणं जड जात नाही. आमच्या भाच्याला घटना इंग्रजीत कळते आणि राग मराठीत येतो. त्याने उत्तरं लिहायची कशात? माध्यमाचा निर्णय दिल्लीत होत नाही हो, तो आपल्या गावच्या पाचवीच्या वर्गात होऊन गेलेला असतो.

म्हणून मी त्याला कधी 'मराठीतून दे' असं म्हटलं नाही. मराठीचा अभिमान मला कुणापेक्षा कमी नाही, पण अभिमान माझा आणि वर्षं त्याची, हा सौदा बरा नव्हे. मी एवढंच म्हटलं की भारतीय भाषेचा जो ३०० मार्कांचा पेपर आहे तो हलका धरू नकोस. त्याचे मार्क एकूण बेरजेत धरत नाहीत, पण २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. निबंध, सारांश, भाषांतर. घरात मराठी येते म्हणून आपली मुलं त्या पेपराकडे ढुंकून बघत नाहीत, आणि पेन हातात घेतल्यावर ऱ्हस्व-दीर्घापाशी अडतात. पुढे त्याने वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेतलं. 'धग' वाचली, 'विशाखा' वाचली. एकदा रात्री फोन करून म्हणाला, "मामा, हें कोणें आदीं कित्याक सांगूंक ना?" त्या एका फोनसाठी तरी या परीक्षेचे मी आभार मानतो.

आणखी एक. आपल्याकडे आयएएस म्हणजे पणजीत लाल दिव्याची गाडी असं अजूनही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. ते दिवे २०१७ सालीच गेले. शिवाय गोव्याला स्वतंत्र केडर नाही. अरुणाचल, मिझोराम, दिल्ली, अंदमान अशा सगळ्यांबरोबर आपलं एकत्र केडर. २०२१ पासून जम्मू-काश्मीर आणि लडाखही त्यातच आले. म्हणजे आपला मुलगा पास झाला आणि नशिबाने हेच केडर मिळालं, तरी आज इटानगर, उद्या लेह. गावच्या देवळाच्या जत्रेला साहेब म्हणून मिरवायला तो मिळेलच असं नाही. ज्याला खरंच ते काम करायचंय त्याने जरूर जावं. पण आई-वडिलांच्या मिरवण्यासाठी कुणी जाऊ नये.

माझं मत विचाराल तर ते साधं आहे. सुरुवातीलाच किती प्रयत्न करायचे ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. आयोग आज खुल्या गटाला वयाच्या ३२ पर्यंत सहा संधी देतो, म्हणून सहाही वापरल्याच पाहिजेत असं नाही. मधल्या काळात राज्याच्या जागांचे अर्ज भरा, त्यात कमीपणा नाही. आणि घरच्यांनी तो प्रश्न विचारणं बंद करावं. निकाल लागला की मुलगा स्वतःच सांगेल, त्याला तोंड आहे.

राहता राहिला कारकुनाचा प्रश्न. 'नाहीतर मामासारखा कारकून होशील' हे वाक्य आमच्या घरात माझ्यादेखत बोललं गेलंय. हसण्यावारी नेलं. पण एखादी म्हातारी पेन्शनचा कागद घेऊन टेबलाशी उभी राहते, तेव्हा तिला साहेब भेटत नाही, मी भेटतो. तिचा कागद त्याच दिवशी पुढे सरकवायचा की दहा फेऱ्या मारायला लावायच्या, हे माझ्या हातात असतं. घटना आणि प्रशासन मी त्या परीक्षेसाठी वाचलं, ते वाया गेलं असं मला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी मी पडवीत जाऊन भाच्याशेजारी बसलो. कागदावर किती लिहिलेत, विचारलं. "पाच," तो म्हणाला, "म्हणजे आणखी एक." बरं म्हटलं. सोमवारी तो पुन्हा पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसला. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तिकडे चक्कर टाकली, त्याच्यासाठी डब्यात राहिलेल्या नेवऱ्या घेऊन. परीक्षेबद्दल आम्ही बोललो नाही.