आधी मनन, मग उपदेश

शास्त्रभागाचे वाचन संपते, पाळक चष्मा सारखा करतात आणि संदेश सुरू होतो. पहिल्या पाच मिनिटांत मंडळीला कळून चुकते की हे वचन त्यांनी आठवडाभर मनात घोळवले आहे की शनिवारी रात्री कुठल्या तरी तयार टिपणातून उतरवून काढले आहे. तयार संदेशांचा आज तोटा नाही. तीन मुद्दे, प्रत्येकाला एक दृष्टांत आणि शेवटी प्रार्थना, असा सगळा ऐवज मोबाइलवर फुकट मिळतो. उपदेशाविषयी कोणती पुस्तके वाचावीत, असे या स्तंभाचे वाचक अनेकदा विचारतात. त्यांत पाळक आहेत, तसेच घरगुती प्रार्थनासभा चालवणाऱ्या भगिनीही आहेत. माझे उत्तर एकच आहे : भक्तीची पुस्तके आधी वाचा. उपदेशकलेची चांगली पुस्तकेसुद्धा शेवटी तिथेच नेऊन सोडतात.

चार्ल्स स्पर्जन यांचे ‘लेक्चर्स टु माय स्टुडंट्स’ घ्या. लंडनमधल्या आपल्या पाळक-विद्यालयात शुक्रवारी दुपारी दिलेली ही व्याख्याने १८७५ पासून पुस्तकरूपाने निघाली. स्पर्जन हजारोंच्या सभा गाजवणारे वक्ते. त्यांनी विद्यार्थ्यांना आधी आवाज लावायला शिकवला असेल, असे कोणालाही वाटेल. पण पहिले व्याख्यान आहे उपदेशकाने स्वतःवर नजर ठेवण्याविषयी आणि तिसरे त्याच्या एकांतातल्या प्रार्थनेविषयी. आवाजाचा विषय थेट आठव्या व्याख्यानात येतो. सभागृहाच्या खिडक्या उघड्या ठेवा, हवा कोंडली की श्रोते पेंगतात, इतका व्यवहारी सल्लाही या पुस्तकात आहे. मात्र तो पुढच्या पानांवर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तीच शिस्त दीट्रिख बोनहोफर यांच्या ‘लाइफ टुगेदर’ या छोट्या पुस्तकात अधिक कडकपणे दिसते. हिटलरच्या राजवटीत फिंकनवाल्ड येथे ते होतकरू पाळकांना शिकवत होते. १९३७ मध्ये गेस्टापोने ते विद्यालय बंद पाडले आणि दोन वर्षांनी तिथल्या सहजीवनावरचे हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रोज सकाळी अर्धा तास मौन आणि आठवडाभर एकच शास्त्रभाग, असा तिथला नेम होता. त्यात एक अट होती : या वेळात संदेशासाठी मुद्दे शोधायचे नाहीत. हे वचन मला काय सांगते, एवढेच पाहायचे. रोज उपदेश करणाऱ्याला ही अट पाळणे किती अवघड आहे, हे त्यालाच ठाऊक. वचन उघडले की हात आपोआप वहीकडे जातो. एप्रिल १९४५ मध्ये बोनहोफर यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या शब्दांमागे केवढे आयुष्य उभे आहे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना एवढे गंभीर पुस्तक आधी नको असेल, त्यांनी ब्रदर लॉरेन्स यांच्यापासून सुरुवात करावी. पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या या साध्या माणसाची संभाषणे आणि पत्रे त्याच्या मृत्यूनंतर एकत्र करण्यात आली. भांडी घासताना आणि प्रार्थनेला बसल्यावर देव तितकाच जवळ असतो, हा त्याचा अनुभव. एका संध्याकाळी वाचून होणारे हे पुस्तक वर्षानुवर्षे पुरते.

आता आपल्या भाषेकडे. मराठी ख्रिस्ती उपदेशकाने फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ वाचलेले नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. १६१६ मध्ये गोव्यात छापलेला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींपुढे गाऱ्हाणे मांडतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तसेच काही आम्हाला वाचायला का देत नाही? त्या मागणीत त्या काळातली सक्तीही आहे आणि भक्तीची भूकही. स्टीफन्स यांनी दोन्ही ऐकले आणि इंग्लंडात जन्मलेल्या त्या माणसाने ओवी आत्मसात केली. श्रोता प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. समोरच्याचा प्रश्न आधी ऐकण्याची रीत शिकायला आपल्याकडे याहून चांगला ग्रंथ नाही. भाषा जुनी आहे, म्हणून तो मोठ्याने वाचावा. कानाला ओवी कळते.

त्यानंतर टिळक दांपत्य. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो राजनांदगावच्या वाटेवर रेल्वेच्या डब्यात, एका सहप्रवाशाकडून. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘अभंगांजली’ वाचताना तुकोबांचे ऋण पदोपदी जाणवते आणि टिळकांनी ते कधी लपवले नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपण साहित्य म्हणून वाचतो, पण माझ्या मते ते उत्तम भक्तिग्रंथांपैकी एक आहे. कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई एके दिवशी स्वतःलाच विचारते, जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मनाशी पक्के होताच ती सोवळे सोडते. कुठे आवेश नाही, तात्पर्य नाही. बदललेले आयुष्य जसेच्या तसे समोर ठेवले आहे.

पाळकांना वेळ कुठे असतो, असे कोणी म्हणेल. लग्ने, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, मंडळीतली भांडणे यांतून उसंत मिळत नाही, हे खरे आहे. म्हणूनच ही जबाबदारी मंडळीचीही आहे. नाताळात पाळकांना शाल देण्याऐवजी यांतली दोन पुस्तके द्या आणि आठवड्यातली एक सकाळ त्यांच्याकडे कोणतेही काम घेऊन जाऊ नका. पाळकांनीही येत्या उपवासकाळात एकच पुस्तक निवडावे, रोज दोन पाने वाचावीत आणि त्यातले एकही वाक्य संदेशात वापरू नये. ईस्टरच्या संदेशात मंडळीला फरक जाणवेल, अशी माझी खात्री आहे.