हाड आमचं, पेशी आमच्या. मग खोत कोण?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा, चिरेखाणीत चिरे उचलणारा, माडावर चढणारा माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा म्हणतो, "गुडघो दुखता." गोळी मिळते, मलम मिळतं. काही महिन्यांनी तो लंगडू लागतो, मांडी घालून बसता येत नाही. मग कुठेतरी मोठ्या दवाखान्यात नीट तपासणी झाली की कळतं, दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. खुब्याचं होतं. तोवर खुबा खचलेला असतो.

या आजाराला अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, दवाखान्यात नुसतं 'एव्हीएन'. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं असतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. पुरवठा तुटला की चेंडूतलं हाड आतल्या आत मरतं. बाहेरून तो गोलच दिसतो, पण पुढे शरीराच्या वजनाखाली चेपतो आणि सांधा निकामी होतो. खुब्याचं फ्रॅक्चर, दारू, स्टेरॉइड ही याची ठळक कारणं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांना हा आजार झाल्याचं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. पण सिकल सेल असलेल्या माणसाचा खुबाही असाच मरतो, आणि विदर्भात सिकल सेल आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. त्याच्या बातम्या कुणी केल्या?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मेलेलं हाड पुन्हा वाढवता येतं का? काही प्रमाणात, वेळेत गाठलं तर, होय. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, यंत्रात फिरवून तिच्यातल्या पेशी, ज्यांत मूलपेशीही असतात, एकवटायच्या, खुब्यातल्या मेलेल्या भागापर्यंत बारीक भोक पाडून तिथे सोडायच्या. फ्रान्समधल्या क्रेतेय इथले डॉ. फिलिप हर्निगू यांनी ११६ रुग्णांच्या १८९ खुब्यांचे निष्कर्ष २००२ साली मांडले. खुबा चेपण्याआधी उपचार झालेल्या १४५ खुब्यांपैकी फक्त ९ पुढे बदलावे लागले. चेपल्यानंतर केलेल्या ४४ पैकी मात्र २५. हे आकडे पाठ करून ठेवा, कारण आमचं सगळं म्हणणं त्यांच्यातच आहे. उपचाराची पद्धत दोन्हीकडे तीच होती. फरक वेळेचा होता. आणि सुरुवातीचा एव्हीएन साध्या एक्स-रेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो.

पोकळी मोठी असेल तर पेशींना बसायला आधार लागतो. बांधकामाला बांबूची परांची बांधतात तसा. ही परांची हायड्रॉक्सिअपेटाइट नावाच्या, हाडातल्याच खनिजासारख्या पदार्थाची करता येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल या सरकारी संस्थेने असे पदार्थ देशातच विकसित केले. (आपल्या किनाऱ्यावर पडलेलं माकुलाचं समुद्रफेसही प्रयोगशाळांत याच कामासाठी वापरून पाहिलं गेलंय. आम्ही ते चुलीच्या राखेसारखं तुडवत जातो.)

मग अडलंय कुठे? रुग्णाच्याच मज्जेतून हाड तयार करणाऱ्या पेशी वाढवून त्याला परत देणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीच्या उत्पादनाला २०१७ साली देशाच्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. कायदेशीर काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खर्च लाखांच्या घरातला. पेशी रुग्णाच्या, हाड रुग्णाचं, आणि मध्ये उभी राहणारी व्यवस्था म्हणते, आधी पैसे मोजा.

कोकणातल्या माणसाला ही रचना नवी नाही. जमीन कसायची कुळाने, घाम कुळाचा, आणि पिकावर हक्क सांगायला मध्ये खोत. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. आजच्या सिंधुदुर्गातला मालवणचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. शरीराच्या बाबतीत ती परत येऊ द्यायची का, हा आमचा प्रश्न आहे.

आमचेच काही सहकारी म्हणतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही आणि तुम्ही मूलपेशींच्या गप्पा मारता! हा युक्तिवाद आम्हाला ओळखीचा वाटतो. आधी पोटाचं बघा, शिक्षणाचं नंतर, असंही आपल्या आजोबांना सांगितलं गेलं होतं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा वस्तीतले सगळे प्रश्न सुटले होते का? आरोग्य केंद्रातला डॉक्टरही हवा आणि हेही हवं. उलट त्या डॉक्टरला 'गुडघा' ऐकून खुबा तपासायची सवय लागली, तर निम्मं काम तिथेच होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गरिबांना प्रयोगाचे उंदीर बनवतील. भीती खरी आहे. म्हणूनच नियम माहीत हवेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीतल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत, लेखी संमती त्याला कळेल अशा भाषेत घ्यावी लागते. गुडघा, कंबर, मधुमेह, सगळ्यावर 'स्टेम सेल' विकणाऱ्या जाहिराती आपल्या पोरांच्या मोबाइलवर रोज येतात. घर गहाण टाकून तिथे जाऊ नका. चेपून गेलेल्या खुब्याला पेशींचा फारसा उपयोग नाही, तिथे सांधा बदलणं हाच सरळ मार्ग.

आमची मागणी आभाळातली नाही. मेलेल्या भागाला भोक पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया अस्थिरोग विभागात होणारी नेहमीची गोष्ट आहे. ती आणि तिच्याआधीचा एमआरआय जिल्ह्यातच वेळेत आणि मोफत मिळाला पाहिजे; खुब्याच्या रुग्णाला गोव्यात बांबोळीला धाडणं हा उपाय नव्हे. पेशींची जोड द्यायची तर ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मान्यताप्राप्त चाचणीचं केंद्र का होऊ नये? आणि सिकल सेलचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सुरू झालं ते आदिवासी भाग डोळ्यांपुढे ठेवून. आदिवासी भावंडांना ते मिळायलाच हवं, पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांची तपासणी त्याच गांभीर्याने व्हावी आणि सिकल सेलच्या प्रत्येक रुग्णाचा खुबा वेळेत पाहिला जावा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकल सेलचा समावेश आहे. किती जणांकडे ते प्रमाणपत्र आहे, प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत मोजावं.

सिंधुदुर्गातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात. जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत एव्हीएनचे किती रुग्ण नोंदले गेले? त्यांपैकी किती बाहेर पाठवले? महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत खुबा वाचवण्याची ही शस्त्रक्रिया आहे का, असल्यास किती रकमेला? अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. उत्तर आलं की आमच्याकडे पाठवा, नाही आलं तर अपिलाचा मसुदा आम्ही तयार करून देऊ.

जय भीम!