१९८२ चं सुवर्णपदक कुणाला आठवतं?



या अंकाची बैठक खोताच्या वाडीत, एका मैत्रिणीच्या घरच्या व्हरांड्यात भरली होती. शेजारच्या आंटीही येऊन बसल्या. बोलता बोलता कळलं की कॉलेजात असताना त्या हॉकी खेळत. "स्टिक आहे अजून," त्या म्हणाल्या, "माळ्यावरचं सामान ओढायला वापरते." आम्ही हसलो. पण लहानपणापासून त्यांना पाहणाऱ्या आमच्या मैत्रिणीलाही ही गोष्ट ठाऊक नव्हती.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतली हॉकी म्हटली की लोकांना आठवतो तो पाकिस्तानकडून झालेला १-७ असा पराभव. गोलरक्षक मीररंजन नेगींवर तेव्हा नाही नाही ते आरोप झाले. पण त्याच स्पर्धेत बायकांची हॉकी प्रथमच खेळली गेली आणि आपल्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होत्या पुण्याच्या एलायझा नेल्सन. म्हणजे त्या वर्षी देशाला हॉकीत सुवर्ण मिळालं होतं! ते बायकांनी मिळवलं, एवढंच. नेल्सनबाईंना पुढे पद्मश्री मिळाली. तरी दहा जणांना विचारा, हरलेल्या सामन्याचा गोलफरक सांगतील, जिंकलेल्या संघातलं एक नाव सांगणार नाहीत. २००७ च्या 'चक दे इंडिया'त मुली जगज्जेत्या होतात खऱ्या, पण कलंक पुसला जातो तो प्रशिक्षकाचा. (चित्रपट मलाही आवडतो, दोनदा पाहिला आहे.)

पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये १९०८ साली आली, बायकांची १९८० साली. मॉस्कोच्या त्या पहिल्याच स्पर्धेत आपला संघ चौथा आला. त्यानंतर पुन्हा ऑलिंपिकचं मैदान दिसलं ते २०१६ साली. मधली ३६ वर्षं मुली खेळत होत्याच, कित्येकजणी रेल्वेच्या नोकरीच्या आधारावर.

लडाखच्या मुली बर्फावरची हॉकी खेळतात. गोठलेल्या तळ्यांवर हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने सराव. २०१७ साली बँकॉकच्या स्पर्धेला जायला लोकवर्गणी काढावी लागली; तिथे फिलिपाइन्सला हरवून भारतीय महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. २०२५ साली आशियाई चषकात कांस्यपदक आलं.

आणि आपली कॉलेजं? मुलींचा संघ जिंकला की सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, फळ्यावर नावं लागतात. सरावाला मैदान मात्र मुलांचं आटोपल्यावर. तोवर अंधार पडतो, आणि अंधार पडला की घरून बोलावणं येतं. कपडे बदलायला जागा नसते. पाळीच्या दिवसांत पाणी असलेला संडास नसतो. माझ्याकडे येणारी एक मुलगी चषक घेऊन घरी गेली, तर आई म्हणाली, "किती काळी पडलीस, आता बघायला येणाऱ्यांना काय सांगू?" त्या आईला नावं ठेवणं सोपं आहे. मुलीचं लग्न जमलं नाही तर बोल तिलाच लागणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मुलीने पुढच्या वर्षी संघात नाव दिलं नाही. तिला खेळ नकोसा झाला, अशी नोंद झाली.

कॉलेजात शिकणाऱ्या वाचक मैत्रिणींना एक काम सांगते. जिमखान्याचा हिशेब मागा. मुलांच्या संघांवर किती खर्च झाला, मुलींच्या किती. मैदान कुणाला कोणत्या वेळी मिळालं. अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. उत्तर येईल ते आम्हाला पाठवा, टाळाटाळ झाली तर तीही कळवा.

आंटींनी एक फोटो दिला आहे, तो या अंकात छापतो आहोत. अकराजणी, हातात स्टिक, मधोमध चषक. मागे नावं लिहिलेली नाहीत. आंटींना नऊ आठवली. उजवीकडून दुसरी आणि खाली बसलेली चष्मेवाली, या दोघींना कुणी ओळखत असेल तर जरूर लिहा.