हंडा, ऊन आणि माती

मागच्या मे महिन्यात शहापूर तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. भातसा, तानसा ही धरणं याच तालुक्यातली. त्यांच्यावर मुंबईचे नळ चालतात आणि आत्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. असो, ते रडगाणं नवीन नाही.

त्या दिवशी आत्या भरलेला हंडा घेऊन अंगणात आली आणि हंड्याच्या बुडाला भेग गेली. दोन तास रांगेत उभं राहून मिळवलेलं पाणी मातीत. ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, "आत्या, पितळेचा का नाही वापरत?" तर म्हणे, "मानेला सोसत नाही रे आता."

माझा आतेभाऊ मुरबाडच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या कारखान्यात आहे. रात्री जेवताना म्हणाला, "दादा, आता प्लॅस्टिकमध्ये माती घालतात. नॅनो माती." आत्या हसली. "कारवीच्या कुडाला जन्मभर माती-शेणच लिंपलं की आम्ही!"

गंमत म्हणजे इथे काम उलटं आहे. कुडात ताकद कारवीची, माती नुसती भरायला. प्लॅस्टिकमध्ये ताकद मातीची. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या मातीला वहीच्या पानांसारखे थर असतात, एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. ती पानं सुटी होऊन प्लॅस्टिकभर पसरली पाहिजेत, गठ्ठा राहिला तर उपयोग नाही. जपानच्या टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हे नायलॉनमध्ये साधलं. शंभरात चार-पाच भाग मातीने ताठपणा जवळपास दुप्पट झाला. भाराखाली ६५ अंशांना वाकणारं नायलॉन दीडशेच्या आसपास टिकू लागलं. पुढे त्याचा गाडीच्या इंजिनातला भाग झाला.

पण आत्याचा हंडा नायलॉनचा नाही. हंड्याच्या स्वस्त प्लॅस्टिकचं आणि मातीचं तेल-पाण्यासारखं वाकडं. आधी मातीवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते, शिवाय दोघांना जोडणारं तिसरं काही घालावं लागतं. दुसरं म्हणजे हंडा नुसत्या वजनाने फुटत नाही, उन्हाने ठिसूळ होतो. आणि अशा मातीतलं लोह उन्हात प्लॅस्टिकचा ऱ्हास उलट लवकर घडवू शकतं! म्हणजे ऊन सोसणारं रसायन वेगळं घालायला हवंच.

म्हणून मला वाटतं, नुसत्या "नॅनो" शब्दाला भुलू नये. ताठ आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत ओढून-वाकवून बघा, जरूर बघा. पण हंड्यासाठी म्हणून काही बनवलंत, तर ते दोन उन्हाळे मुरबाड-शहापूरच्या अंगणात ठेवा आणि मग सांगा. ज्याच्या फुटण्याने एका घराचं दिवसभराचं पाणी जातं, त्या वस्तूची परीक्षा इंजिनातल्या भागाइतकीच कडक असायला नको का?

सकाळी निघालो तेव्हा आत्या तापलेल्या विळ्याने हंड्याची भेग डागत होती. टँकर अकराला येणार होता.