उंच जीप, मऊ वाळू

अलिबाग-काशीदच्या पुळणीवर रुतलेली जीप हे दृश्य आता नवे नाही. मग हौशी मालक स्प्रिंगा बदलून गाडी उंच करतात, मोठी चाके चढवतात. पण उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरमुळे ब्रेकवर ताण येतो, वेगाचा काटाही कमी वेग दाखवतो. वाळूत तारते ती उंची नव्हे, टायरमधली कमी केलेली हवा! शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत तर कासवे अंडी घालतात. तेव्हा पैसे घालायचेच तर कंपनीने सांगितलेल्या मापाच्या चांगल्या टायरवर घाला; अन् गाडी सुरूच्या बनाअलीकडेच ठेवून समुद्राकडे पायी जा.