कळा आल्या की आणल्या?

परवा बाजाराच्या दिवशी दवाखाना भरलेला असताना एक ओळखीच्या मावशी नंबर न लावताच आत शिरल्या. चेहरा असा होता की बाहेर कोणी त्यांना अडवले नाही. लेक पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दिवस भरून वर आठ दिवस झाले तरी कळांचा पत्ता नाही. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ‘उद्या दाखल व्हा, औषध देऊन कळा आणू’ असे सांगितले होते. मावशींनी मला सरळच विचारले, “डॉक्टर, आपसूक कळा यायच्या सोडून ह्या सलाईन लावून आणणार. म्हणजे शेवटी सिझरच करायचं ठरवलंय ना त्यांनी?”

त्याच आठवड्यात एका वस्तीवरचे गृहस्थ आले होते. सुनेच्या कळा सुरू होऊन चार तास झाले होते. त्यांची मागणी उलटी होती, “डॉक्टरसाहेब, एक कळांचं इंजेक्शन मारा आणि पोरीला मोकळी करा.”

वाचकहो, एकाला कळा आणण्याची भीती आणि दुसऱ्याला कळा वाढवण्याची घाई. दोघांच्या मनात औषध मात्र एकच. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण रहिमतपुरात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. बाळंतपणात माणसे औषधाने जितकी अडचणीत येतात, त्याहून जास्त अपुऱ्या माहितीने येतात.

आधी नैसर्गिक बाळंतपणाचे बघू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, असा आपण हिशेब करतो. कागदावर लिहिलेली तारीख हा अंदाज असतो. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत बाळंतपण केव्हाही होऊ शकते.

शेवटच्या दिवसांत पोट मधूनच कडक होते आणि पुन्हा सैल पडते. चालले, कूस बदलली की थांबते. या खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो. कमरेतून पुढे येतात आणि विश्रांती घेऊनही थांबत नाहीत. कधी रक्तमिश्रित चिकट स्राव जातो, कधी पाणमोट फुटून पाणी जाते. पाणी गेले तर कळा असोत वा नसोत, दवाखान्यात जायचेच.

गर्भाशयाचे तोंड उघडत पाच सेंटिमीटरपर्यंत यायला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. पहिलटकरणीला अख्खा दिवसही लागतो. तिथून पुढे पूर्ण उघडायला पहिल्या खेपेला १२ तासांपर्यंत आणि नंतरच्या खेपेला १० तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले. तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडक तेव्हाच बाजूला झाला. बाळ आणि आई ठीक असतील तर वाट पाहणे हाही उपचारच आहे. म्हणूनच चार तासांत सून मोकळी होत नाही म्हणून कासावीस झालेल्या सासऱ्यांना मी चहा पाजून दवाखान्याच्या वाटेला लावले, पण इंजेक्शन दिले नाही.

आता आणलेल्या कळा. इथे पहिली समजून घेण्याची गोष्ट ही की, सलाईन लावले आणि दोन तासांत बाळ झाले असे सहसा होत नाही. गर्भाशयाचे तोंड कच्चे, घट्ट असेल तर ते आधी मऊ करावे लागते. त्यासाठी आत जेल ठेवतात, किंवा अगदी कमी मात्रेच्या गोळ्या देतात, किंवा लघवीसाठी वापरतात तीच फुग्याची नळी तोंडातून आत सरकवून फुगा फुगवतात. तोंड तयार झाले की मग पाणमोट फोडणे आणि ऑक्सिटोसिनचे सलाईन. तेही थेंब मोजून, हळूहळू वाढवत. या सगळ्याला एक दिवस लागू शकतो, दोनही लागू शकतात. पहिलटकरणीला जास्तच.

कळांतही फरक असतो. निसर्गाच्या कळा पायरी पायरीने चढतात, बाईच्या अंगाला सवय होत जाते. औषधाच्या कळा काहींना एकदम जोरात सुरू झाल्यासारख्या वाटतात. सलाईन असल्याने हिंडण्या-फिरण्यावर बंधने येतात, वरचेवर तपासणी होते, बाळाचे ठोके सतत पाहावे लागतात. ‘जाऊबाईला एवढं दुखलं नव्हतं’ असे तिला सुनावू नका. जाऊबाईच्या कळा आपसूक आल्या होत्या. दुखणे सोसवत नसेल तर वेदना कमी करण्याचे उपाय मोठ्या दवाखान्यात असतात. ते मागण्यात लाज नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण काही वेळा वाट पाहणे जास्त धोक्याचे असते. ४१ आठवडे उलटले की वारेची ताकद ओसरू लागते. बाळ पोटातच दगावण्याचा धोका लहान असला तरी दिवसागणिक वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते. रक्तदाब वाढलेला, साखर आटोक्यात नसलेली, बाळाची वाढ खुंटलेली, पाणी गेले पण कळा नाहीत, अशा वेळीही तेच. उलट वार खाली असेल, बाळ आडवे असेल तर कळा आणायच्याच नसतात. आधी सिझर झालेले असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कागद दाखवा. ही गोष्ट लपवणे जिवावर बेतू शकते.

मावशींची दुसरी शंका, कळा आणल्या की सिझर ठरलेलेच. गर्भाशयाचे तोंड कच्चे असताना, सबळ कारणाशिवाय, घाईने कळा आणायला गेले तर फसण्याची शक्यता वाढते यात वाद नाही. पण योग्य रीतीने, धीराने केले तर चित्र वेगळे दिसते. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३९ आठवड्यांना कळा आणलेल्या बायकांत सिझरचे प्रमाण शंभरात सुमारे १९ होते आणि वाट पाहिलेल्यांत सुमारे २२. अर्थात तिथली देखरेख आणि आपल्याकडची गर्दी यांत अंतर आहे. त्या आकड्यांवरून इथे प्रत्येकीला ३९ व्या आठवड्यात सलाईन लावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ‘कळा आणल्या म्हणजे सिझर’ हे समीकरण खरे नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला हवा असेल तर नागपूरचा घ्या. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर अभ्यास झाला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या बायकांना फुग्याची नळी बसवली, निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली. गोळीवाल्यांपैकी शंभरात ५७ बायका २४ तासांच्या आत खालून बाळंत झाल्या, नळीवाल्यांपैकी ४७. म्हणजे जाणत्या हातांतही जवळपास निम्म्या बायकांचे काम पहिल्या दिवसात उरकले नव्हते. हा आकडा प्रत्येक नवऱ्याने आणि सासूने पाठ करावा. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात उभे राहून ‘कालपासून नुसतं सलाईन चाललंय, करून टाका एकदाचं सिझर’ असा आरडाओरडा होतो ना, तो बहुधा या अज्ञानातून होतो. आणि ‘सिझर केले तर बघून घेऊ’ हा दमही त्यातूनच येतो. दोन्ही बाजूंनी दबाव आला की डॉक्टरचा निर्णय बाईच्या प्रकृतीऐवजी नातेवाइकांच्या आवाजावर होऊ लागतो.

एक सावधगिरी. मिसोप्रोस्टॉलच्या जास्त मात्रेच्या गोळ्याही बाजारात मिळतात. त्या मेडिकलमधून आणून, तुकडा मोडून घरी देण्याचा उद्योग कोणी करू नये. एरंडेल पाजण्याचाही नको. कळा येवोत न येवोत, जुलाब होऊन बाई ऐन वेळी गळून जाते.

आता त्या इंजेक्शनाविषयी. ऑक्सिटोसिन आपल्या भागाला चांगलेच ठाऊक आहे. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात चोरून टोचतात तेच हे औषध. या गैरवापराचे कारण सांगून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बाळंतिणींसाठी ते जीवरक्षक आहे. बाळ बाहेर आल्यावर लगेच १० युनिटचे हे इंजेक्शन दिले की गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो.

मात्र तेच इंजेक्शन बाळ पोटात असताना दंडात किंवा कमरेत टोचले तर घातक ठरते. सलाईनमधले औषध कळा फार वाढल्या की बंद करता येते, त्याचा जोर काही मिनिटांत उतरू लागतो. टोचलेले परत काढता येत नाही. कळांमध्ये उसंत राहिली नाही की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. वाट अडलेली असेल तर गर्भाशय फाटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीसएक वर्षांपूर्वी, मी नुकताच दवाखाना टाकला होता तेव्हा, एका वस्तीवर रात्री बोलावणे आले. दुसरी खेप, सकाळपासून कळा. मी तपासले, बाळाचे ठोके चांगले होते, पण डोके खाली उतरत नव्हते. घरच्यांनी इंजेक्शनाचा आग्रह धरला. मी नाही म्हणालो, ‘ताबडतोब गाडी करून साताऱ्याला न्या’ असे सांगितले आणि मोटारसायकलला किक मारून घरी आलो. गाडी मिळाली नाही. माझ्यामागे त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावले आणि त्याने इंजेक्शन दिले. पहाटे बाई रुग्णालयात पोचली तेव्हा गर्भाशय फाटलेले होते. ती वाचली, बाळ गेले, पिशवी काढावी लागली.

इंजेक्शन दिले नाही म्हणून बरीच वर्षे मी स्वतःला निर्दोष समजत होतो. आज तसे वाटत नाही. गाडीची सोय बघणे हेही माझेच काम होते. तेव्हापासून अडलेली बाई पाहिली की गाडीचे चाक हलेपर्यंत मी जागचा उठत नाही. आज १०८ आणि १०२ वर रुग्णवाहिका मिळते. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, गरज पडल्यास सिझरसुद्धा, मोफत आहे. तरीही ‘एक इंजेक्शन मारा’ ही मागणी अजून थांबलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

मुहूर्त साधण्यासाठी कळा आणा, अमावस्या टाळा, मूळ नक्षत्र चुकवा, अशा मागण्याही येतात. ज्या कामाला एक दिवस लागेल की दोन हे डॉक्टरला सांगता येत नाही, त्याला घटका-पळे कशी लावणार? आणि डॉक्टरांनीही स्वतःच्या सोयीसाठी, गावाला जायचे आहे म्हणून, कळा आणू नयेत. माझ्या व्यवसायबंधूंना हे बोचले तरी चालेल.

म्हणून माझे सांगणे एवढेच. डॉक्टर कळा आणू म्हणाले तर घाबरू नका, पण चार प्रश्न जरूर विचारा. कारण काय? थांबलो तर काय होईल? तोंड कितपत तयार आहे आणि कोणत्या पद्धतीने करणार? आणि सिझरची वेळ आली तर इथेच सोय आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कळा आणण्याची ती जागा नव्हे. बाळंतिणीजवळ एक जाणती बाई ठेवा. जिचे स्वतःचे बाळंतपण झाले आहे अशी एक स्त्री नातलग सोबत ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही परवानगी दिली आहे. बाकीच्या दहा जणांनी घरी थांबावे.

हे सगळे मी मावशींना त्या दिवशी थोडक्यात सांगितले. त्या लेकीला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली, सिझर न होता. पेढे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमचंच खरं झालं बघा.” मी म्हटले, “मावशी, सिझर झालं असतं तरी डॉक्टरीणबाईंचा निर्णय बरोबरच होता. आई आणि बाळ दोघंही धडधाकट घरी आली, हाच निकाल.”