मशीनच्या पोटात किती कपडे?

धुण्याचं मशीन ही आता आपल्या तालुक्याच्या गावांतही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणी दिवाळीच्या बोनसमध्ये घेतं, कुणी हप्त्यावर, तर कुणाला पुण्या-मुंबईला नोकरी करणारी लेक घेऊन देते. मशीन घरात आलं की आपण हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवतो. दुकानातला मुलगा येऊन बटणं समजावून सांगतो. हे धुण्याचं, हे पिळण्याचं, ही पावडर घालायची जागा. पण कपडे किती घालायचे हे ना तो नीट सांगतो, ना आपण विचारतो. ‘मावतील तेवढे’ हेच आपलं माप! मला वाटतं, मशीन घेऊनही आपलं धुण्याचं काम कमी झालं नाही, त्याला हे माप बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

बचत गटाच्या बैठकीला किंवा हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते, “मशीनमध्ये मेला मळ निघतच नाही हो!” मग एकजण सांगते, मी आधी कॉलर-कफ ब्रशने घासून घेते. दुसरी सांगते, मी मशीनमधून काढल्यावर पुन्हा दोन बादल्यांत खळबळते. तिसरी तर पांढरे कपडे मशीनला दाखवतही नाही. आता मला सांगा, आधी घासायचं, नंतर खळबळायचं, मग मशीनने काय केलं? नुसती वीज खाल्ली?

मशीन कपडे धुतं म्हणजे काय करतं, हे एकदा समजून घेतलं पाहिजे. आपण मोरीत कपडा घासतो, आपटतो, पिळतो. मशीनला हात नाहीत. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम फिरतो तेव्हा कपडे वर उचलले जातात आणि खाली पाण्यात पडतात. या पडण्यानेच मळ सुटतो. वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये तळाची चकती पाणी घुसळते आणि कपडे एकमेकांना घासतात. म्हणजे दोन्हींत कपड्यांना हलायला मोकळी जागा हवी. ड्रम ठासून भरला की कपड्यांचं एक बोचकं होतं आणि ते बोचकंच गोल गोल फिरत राहतं. मधल्या कपड्यांपर्यंत साबणाचं पाणी धड पोचत नाही. जे पोचतं ते नंतर नीट निघत नाही. काळ्या पँटवर पांढरे ओघळ दिसतात ना, ते बहुतेक वेळा हेच. हाच राहिलेला साबण लहान बाळाच्या किंवा नाजूक कातडीच्या माणसाच्या अंगाला खाजतो आणि आपण पावडरला दोष देतो.

मशीनवर ‘६ किलो’, ‘७ किलो’ असं लिहिलेलं असतं. ते वजन कोरड्या कपड्यांचं, बादलीत भिजवून ठेवलेल्या कपड्यांचं नव्हे. आता आपले कपडे किती भरतात ते बघू. जीन्सची एक पँट साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. पुरुषाचा शर्ट २०० ते २५० ग्रॅम. अंग पुसायचा जाड टॉवेल ४०० ग्रॅमच्या आसपास. डबल बेडची सुती चादर उशीच्या अभ्र्यांसकट किलोभर. सुती साडी अर्धा किलो किंवा थोडी जास्त. चार माणसांच्या घरात दोन दिवसांचे दोन जीन्स, चार शर्ट, दोन पंजाबी ड्रेस, तीन टॉवेल, एक चादर, मुलांचे दोन गणवेश आणि आतले कपडे धरा. साडेसहा किलो सहज होतात. म्हणजे ६ किलोचं मशीन एवढ्यातच ओसंडलं! आणि आपण वरून म्हणतो, “अगं, तेवढं पायपुसणंही टाक त्यात.”

कुणाला वजनाचा अंदाज येत नसेल तर रद्दीवाला दारात आला की त्याच्या ताणकाट्याला एकदा आपली धुण्याची पिशवी अडकवून बघा. घरात वजनकाटा असेल तर पिशवी घेऊन त्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. एक-दोनदा केलं की नजर बसते. रोज मापायची गरज नाही.

नजरेचं मापही सोपं आहे. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये कपडे मोकळे घातल्यावर वर आपला तळवा आडवा जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. वरून भरायच्या मशीनमध्ये पाऊण टोपल्यापर्यंत कपडे, तेही सुटे सुटे सोडलेले, हाताने दाबून बसवलेले नव्हेत. ज्यांच्याकडे दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. धुण्याचा टब मोठा असतो आणि पिळण्याचा लहान. एका वेळी धुतलेलं सगळं एका वेळी पिळायला घातलं की मशीन मोरीभर नाचतं. दोन खेपांत पिळावं आणि वरची प्लॅस्टिकची चकती बसवायला विसरू नये.

हे किलोही सुती कपड्यांसाठी असतात. टेरिकॉट, सिंथेटिक साड्या यांच्या कार्यक्रमावर निम्मेच कपडे घालायचे, लोकरीचे त्याहून कमी. पंधरा-वीस मिनिटांच्या झटपट धुण्यावर तर दोनेक किलोच. मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत हे सगळं दिलेलं असतं, पण ती पुस्तिका आपण वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात ठेवून देतो.

उलट टोकही बरं नाही. एकच जाड चादर किंवा गोधडी घातली की ती भिजून एका बाजूला गोळा होते आणि पिळताना मशीन धडधडतं. दोन शर्टांसाठी मशीन लावणं म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाया. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसा ड्रम पाहून कपडे घालावेत.

आता मैत्रिणींनो, आपण मशीन ठासून का भरतो? आळसाने नाही, काटकसरीने. आपल्याकडे नळाला पाणी दोन दिवसांआड, कुठे चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. अशा भागातली बाई ‘एकाच पाण्यात सगळं उरकू’ म्हणते, त्यात तिचं काय चुकलं? तिची अडचण खरीच आहे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. ठासून भरलेले कपडे पुन्हा खळबळायला दोन बादल्या लागल्या, तर वाचलेलं पाणी गेलं कुठे? त्यापेक्षा सेमी ऑटोमॅटिकमध्ये आधी पांढरे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत आणि शेवटी पायपुसणी, अशा बेताच्या खेपा कराव्यात. खळबळण्याचं पाणी बादल्यांत धरून संडासाला, अंगण धुवायला वापरावं. जीन्स, चादरी अशा जड कपड्यांना पाणी येण्याचा दिवस द्यावा, रोजचं हलकं धुणं वेगळं ठेवावं.

या हिशेबात आपण एक रकाना कायम कोरा सोडतो, तो आपल्या वेळेचा. विजेला मीटर आहे, पाण्याला टाकी आहे, बाईच्या कमरेला मात्र मीटर नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, घरच्या बिनपगारी कामात जातात असं दिसलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं. आणि असा हात घालणारे पुरुष मुळात चारात एक! म्हणून पुन्हा घासण्या-खळबळण्याचा अर्धा तास मला क्षुल्लक वाटत नाही. त्या अर्ध्या तासात शिलाईचा एक ब्लाउज पुढे सरकतो, मुलीचा अभ्यास घेता येतो, नाहीतर नुसतं पाय पसरून बसता येतं. “मशीन आहे, हिला काय काम!” असं म्हणणाऱ्यांना हा अर्धा तास दिसत नाही. आपल्याला तरी दिसला पाहिजे.

आणखी एक बोलायचंय. पुष्कळ घरी मशीन धुण्याभांड्याच्या मावशी लावतात. कपडे किती घालायचे हे त्यांना कुणी सांगत नाही, उलट आपणच वरून दोन कपडे टाकतो. मग बेअरिंग गेलं, पट्टा तुटला की बोल मावशींना. हे न्यायाचं नाही. ज्याच्या हातात काम दिलं त्याला मापही सांगावं.

माझी सूचना साधी आहे. मशीनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवा. त्यावर लिहा: चादर एक, टॉवेल दोन, जीन्स एक, शर्ट चार, बास. आपल्या मशीनच्या किलोप्रमाणे आकडे बदला. ‘तिलाच कळतं, आम्हाला नाही जमत’ ही घरातली ठरलेली सबब त्या कागदापुढे चालणार नाही. दहावीतला मुलगा मोबाइलमधलं सगळं जाणतो, त्याला चार शर्ट मोजता येतातच. नवऱ्यालाही येतात. येत्या रविवारी तुम्ही फक्त कागद लावा आणि मशीन त्यांना लावू द्या. पहिल्या दिवशी पावडर जास्त पडेल, पडू द्या!